मायच्या मायचं गाव

नवागाम, सुरत
१५ नोव्हेंबर १९९८, रविवार

तीर्थरूप दगाभाऊस उज्ज्वलाचा नमस्कार.

अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच ठेवून देशील या भीतीने वरचा पत्ता हितेशकडून लिहून घेतला आहे. तेवढ्यासाठी रागावू नकोस. नवागामहून बमरोलीला रिक्षाने अर्धा तास लागत नाही, तरी मी पोस्टाने लिहिते आहे. सात वर्षांपूर्वी तू मला दार बंद केलंस. ते मी आजवर पाळलं. पत्र लिहू नको असं मात्र तू म्हणाला नव्हतास.

इकडे सगळे बरे आहोत. हितेश सचिन गावातल्या डाइंगच्या कारखान्यात आहे, आठवड्याला पाळी बदलते. आमची प्रज्ञा सहा वर्षांची झाली. शाळा गुजरातीत, म्हणून हिशोब गुजरातीत करते आणि भांडते मराठीत. मी चार वर्षं इथल्या ट्रस्टच्या दवाखान्यात काम करते. प्लेगच्या वर्षी माणसं कमी पडली तेव्हा त्यांनी मला घेतलं आणि मग ठेवूनच घेतलं. त्या वर्षी हितेश तुमच्या खोलीवर बघायला आला होता. कुलूप होतं. तुम्ही गावी पोहोचलात हे कळायला आम्हाला महिना लागला.

तुझी तब्येत कशी आहे? कारखान्यातल्या संचांच्या, त्या यंत्रमागांच्या, आवाजाने तुला उजव्या कानाने कमी ऐकू येतं असं कळलं. कोणाकडून कळलं ते पुढे लिहिते.

आधी दवाखान्यातली एक गोष्ट सांगते. सप्टेंबरात मुंबईच्या एका संशोधन संस्थेतली चार माणसं आमच्याकडे आली. खानदेशातून सुरतेत आलेल्या लोकांचं रक्त त्यांना हवं होतं. आजारासाठी नाही. आपल्या देशातली माणसं मुळात कुठून कुठून आली, कोण कोणात मिसळलं, हे रक्तातून शोधायचं त्यांचं काम. तू समाजाच्या मंडळासाठी वंशावळ गोळा करतोस, आपले पूर्वज राजपुतान्यातून आले असं पुस्तिकेत लिहिलं आहेस, म्हणून तुला हे ऐकायला आवडेल असं मला वाटलं होतं.

फॉर्म भरायचं काम माझ्याकडे होतं. नाव, घरात बोलायची भाषा, बापाचं गाव, आजोबाचं गाव, मायचं गाव, मायच्या मायचं गाव. बापाकडच्या चार पिढ्या लोक धडाधड सांगायचे. मायच्या मायशी आलं की बोलणं अडायचं. "ती तर आमच्याच घरची ना," असं एक म्हातारबा म्हणाले. जणू ती त्यांच्या घरातच जन्मली होती. पथकात एक तरुण ताई होत्या. त्यांनी मला समजावून सांगितलं की रक्तात एक खूण असते, ती फक्त आईकडून येते. मुलगा असो की मुलगी, दोघांना मिळते, पण पुढे जाते ती मुलीकडूनच. त्या खुणेवरून हजारो वर्षं मागे जाता येतं. मी त्यांना विचारलं, मग आमच्या पोथ्यांतल्या पिढ्यांचं काय? त्या हसल्या. म्हणाल्या, पोथीत आया कुठे असतात?

माझंही रक्त दिलं. मायच्या मायच्या गावासमोर मी लिहिलं, "निमाडकडे कुठेतरी." माय नेहमी तेवढंच सांगायची.

आमच्या डॉक्टर मालतीबाई कडक आहेत. त्यांनी मुंबईवाल्यांना अट घातली की रक्त नेता तर लोकांना काहीतरी देऊन जा. म्हणून प्रत्येकाची सिकलसेलची तपासणीही झाली. या आजारात रक्तातल्या लाल पेशी गोल राहत नाहीत, विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकतात. आईबापांपैकी एकाकडूनच दोष आला तर माणसाला बहुधा काही त्रास होत नाही. दोघांकडून आला तर आजार होतो.

माझ्यात अर्धा दोष निघाला. हितेशमध्ये काही नाही, प्रज्ञातही नाही. प्रज्ञाचा कागद हातात आला तेव्हा मी औषधांच्या खोलीत जाऊन बसले.

आता जे लिहायचं आहे त्याच्याभोवती मी दोन पानं फिरले. लिहिते.

माय गेली चार वर्षं मला भेटते. पंधरा दिवसांतून एकदा, गुरुवारी, बाजाराचं निमित्त करून. तुझा कान तिनेच सांगितला. तिला काही बोलू नकोस, मीच तिला पहिल्यांदा निरोप पाठवला होता.

आणि या दिवाळीनंतर ती एकटी आली नाही. योगिताला घेऊन आली.

मी तिला पाच वर्षांची पाहिली होती, आता बाराची झाली. मला ओळखलं नाही. ही तुझी आत्या, असं मायने सांगितलं तेव्हा "फुई" म्हणाली आणि बाकावर टेकली. दम लागला होता तिला. हाडं दुखतात, रात्र रात्र रडते, डोळे पिवळे पडतात, आणि दोन वर्षं संधिवात म्हणून दर एकवीस दिवसांनी इंजेक्शन चालू आहे, हे मायने सांगितलं. मालतीबाईंनी तिचे डोळे पाहिले, पोट चाचपलं आणि रक्त घ्यायला सांगितलं. पालकाची सही लागत होती. मी केली. तुला न विचारता मी तुझ्या मुलीचं रक्त काढून घेतलं, भाऊ. याची जी शिक्षा देशील ती मला दे.

रिपोर्ट आला आहे. योगिताला पूर्ण दोष आहे. संधिवात नाही, सिकलसेल आहे. म्हणजे एक बाजू तुझी, एक कमलवहिनीची. आता तू नीट विचार कर. वहिनी मामाची मुलगी. तुझ्यात आणि माझ्यात जो आला तो मायकडून, वहिनीत आला तो मामाकडून. माय आणि मामा एकाच आईबापाचे. मायला मी विचारलं, हे तुमच्या घरात कोणाकडून आलं? ती अर्धा चहा टाकून उठली आणि योगिताचा हात धरून निघून गेली.

ते राहू दे. घाई दुसऱ्याच गोष्टीची आहे. मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला तुम्ही योगिताला घेऊन गडावर नवस फेडायला जाणार आहात असं कळलं. पहाटे गार पाण्याने अंघोळ, उपाशीपोटी पायऱ्या. भाऊ, देवीला मी काही म्हणत नाही. पण या आजारात थंडी, उपास, दम आणि पाणी कमी पडणं, हे चारही वाईट. तिला नेऊ नकोस. आमच्या दवाखान्यात आण. मी समोर नको असेन तर त्या दिवशी रजा घेईन.

उत्तराची वाट पाहते.

उज्ज्वला


नवागाम
२६ नोव्हेंबर १९९८, गुरुवार

दगाभाऊ,

अकरा दिवस झाले. उत्तर नाही. आज मायचा यायचा वार होता, ती आली नाही. दवाखान्याच्या दारात रिक्षा थांबली की मी बाहेर बघते. आज एका बाईला दोनदा चुकीची गोळी देणार होते, मालतीबाईंनी हातातून काढून घेतली.

मंगळवारी तुमच्या मंडळाचे भगवान पाटील दवाखान्यात येऊन गेले. आपल्या लोकांचं रक्त कोण गोळा करतं, ते कुठे विकतात, समाजाला खालचं ठरवायचा हा डाव कोणाचा, असं विचारत होते. मालतीबाईंनी त्यांना बसवलं, फॉर्म दाखवला, नळ्यांवर नाव नसतं, नंबर असतो हे समजावलं. ते निघताना माझ्याकडे बघून गेले. त्यांना तू पाठवलंस का? तू पाठवलं असशील तर निदान पत्र तुला पोहोचलं, एवढं तरी कळलं, असा मी विचार केला. मग तसा विचार केल्याची मला लाज वाटली.

योगिताची नळी मुंबईला जाणार नाही, त्याची काळजी करू नकोस. मी सही केली हे मी मालतीबाईंना सांगितलं. त्या खूप बोलल्या. आत्या म्हणजे पालक नव्हे, तू इथे काम करतेस म्हणून तुला जास्त कळायला हवं होतं, असं म्हणाल्या. मग त्यांनी पथकाला फोन करून तो नंबर काढायला लावला. तपासणी फक्त तिच्या उपचारापुरती आमच्या कपाटात आहे.

काल मी बमरोलीला आले होते. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाल्याजवळ उभी राहिले. वहिनी नळावर हंडा भरत होती. योगिता ओट्यावर उन्हात पाय चोळत बसली होती. वीस पावलं असतील. मी हाक मारली नाही. तुझा शब्द मोडायचा नाही म्हणून नव्हे. लोकांसमोर तू मला ओळख दाखवली नाहीस तर वहिनी तिला माझ्याकडे कधीच पाठवणार नाही, ही भीती वाटली. घरी आल्यावर हितेश म्हणाला, तू भावाला भितेस की पोरीच्या जिवाला?

पहिल्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नाही. मायला विचारलं आणि ती उठून गेली, एवढंच लिहिलं. खरं म्हणजे मला विचारायची गरज नव्हती. आजी, मायची माय, गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते, तू तर घरात मोठा. तिच्या कपाळावरचं आणि हनुवटीवरचं गोंदण आपल्याकडच्या बायकांसारखं नव्हतं, तुला आठवतं? एकदा मी तिच्यासोबत शिरपूरच्या बाजारात होते. डोंगरातून मोळ्या घेऊन आलेल्या एका बाईशी ती बोलायला लागली, भराभर, आणि मला एक अक्षर कळेना. आजी अशी हसताना मी कधी पाहिली नव्हती. तेवढ्यात माय आली आणि तिने मला दंडाला धरून ओढत नेलं. घरी येऊन मला बजावलं की आजी बाजारात कोणाशी बोलली नाही. मी कोणाला सांगितलं नाही, फॉर्मवरसुद्धा नाही. "निमाड" लिहिताना मला माहीत होतं की मी खोटं लिहिते आहे.

हितेशशी लग्न केलं तेव्हा तू चारचौघांत म्हणालास की मी घराण्यात भलतं रक्त आणलं. तेव्हाही हे माझ्या जिभेवर आलं होतं. मी गिळलं. तुला खाली पाहायला लावावं म्हणून आज लिहीत नाही. पौर्णिमा पुढच्या गुरुवारी आहे. तुम्ही बुधवारी निघाल.

मला शिव्या देणारं पत्र लिही, पण तिला नेऊ नको.

उज्ज्वला


नवागाम
१० जानेवारी १९९९, रविवार

प्रिय भाऊ,

दवाखान्याच्या व्हरांड्यात आपण सहा दिवस जवळजवळ उभे होतो. तिथे काही बोलता आलं नाही, म्हणून पुन्हा लिहायला बसले. झालेलं सगळं क्रमाने लिहिते, कारण काही गोष्टी तू यायच्या आधी घडल्या, त्या तुला वहिनीने सांगितल्या असतील की नाही मला माहीत नाही.

एक डिसेंबरला, तुमच्या निघण्याच्या आदल्या दिवशी, सकाळी अकराला वहिनी योगिताला रिक्षात घालून आमच्याकडे आली. माझी पत्रं तू वाचलीस आणि मंडळाच्या कागदांत ठेवलीस, फाडली नाहीस. ती वहिनीला सापडली. दुसऱ्या पत्रातली इस्त्रीवाल्याची ओळ वाचून ती रडली असं तिने मला नंतर सांगितलं, कारण तिनेही मला पाहिलं होतं आणि हाक मारली नव्हती. घरात पहाटेपासून योगिताच्या छातीत दुखत होतं. तू पहिल्या पाळीला गेला होतास. वहिनीने मायला सांगितलं, मी हिला फुईकडे नेते, त्यांनी विचारलं तर माझं नाव सांगा.

पोरीला ताप होता, श्वास अर्धाच जात होता. मालतीबाईंनी एका मिनिटात चिठ्ठी लिहिली आणि आम्ही तिला सरकारी दवाखान्यात हलवलं. ऑक्सिजन, सलाइन, संध्याकाळी रक्ताची बाटली. तिथल्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि विचारलं, हा आधीच कसा काय काढून ठेवलात? वहिनीने माझा हात घट्ट धरला.

तू आलास तेव्हा तुझ्या केसांत कापसाची लव होती. तू मोठ्याने विचारलंस, हिला इथे आणायला कोणी सांगितलं. वहिनी म्हणाली, मी आणलं. लग्नाला सोळा वर्षं झाली, तुझ्यासमोर ती इतकं सरळ बोललेली मी कधी ऐकली नव्हती. तू खाटेच्या पायथ्याशी बसलास. हितेशने आणलेला चहा तू त्याच्याकडे न बघता घेतलास. पण घेतलास.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. त्या दिवशी पौर्णिमा होती. दुपारी व्हरांड्यात माय भिंतीला टेकून बसली होती आणि तू तिच्यासमोर जाऊन बसलास. मी दोन हातांवर होते. तू विचारलंस ते मी ऐकलं, आणि तिने सांगितलं तेही. आपण दोघांनी एकाच वेळी ऐकलं म्हणून ते मी इथे जसंच्या तसं लिहून ठेवते.

ती म्हणाली, "मनी माय डोंगरमधली व्हती. भिलनी पोर. तिनं नाव झिपरी."

ऐंशी वर्षांपूर्वीच्या मानमोडी तापाच्या साथीत झिपरीच्या पाड्यावर तिचं कोणी उरलं नाही. आठ-नऊ वर्षांची पोर मोळीवाल्यांच्या मागे चालत शिरपूरला आली. आजोबांच्या आईने तिला गोठ्यात कामाला ठेवलं. पुढे आजोबांनी तिच्याशी लग्न केलं, गाव सोडलं आणि नव्या गावात सांगितलं की बायको निमाडमधली, आपल्याच समाजाची. तिचं नाव बदललं. तिने मरेपर्यंत आपली बोली घरात तोंडातून काढली नाही. झोपेत मात्र बोलायची, असं माय म्हणाली.

इतकी वर्षं का लपवलंस, असं तू तिला विचारलंस, "आतेपावत काबर सांगं नही?"

"कोनी इचारंच नही," माय म्हणाली.

मग तू उठलास आणि जिन्यापर्यंत गेलास. मला वाटलं, गेला. पण तू मालतीबाईंसमोर जाऊन उभा राहिलास. त्या योगिताला बघायला आल्या होत्या. मग आम्ही भील आहोत का, असं तू त्यांना विचारलंस. विचारताना तुझा आवाज बारीक झाला होता, आठ वर्षांच्या पोरासारखा. त्यांनी सांगितलं की हा दोष कुठल्या जातीचा शिक्का नाही. जिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता तिथल्या माणसांत तो टिकला, डोंगरात तसा मैदानातही, आणि या भागातल्या कितीतरी समाजांत तो सापडतो. त्यावरून कोणाची जात ठरत नाही. तुमची आजी कोण हे तुमच्या आईने सांगितलं, रक्ताने नाही.

मुंबईच्या ताईंनी त्यांना जे सांगितलं होतं तेही त्या बोलल्या. काम अजून अर्धवट आहे, पण आईकडची खूण बघितली तर आपल्याकडचे शहरातले, रानातले, वरचे म्हणवणारे आणि खालचे ठरवलेले, बहुतेक सगळे त्याच जुन्या आयांकडे जाऊन पोहोचताना दिसतात. बाहेरून आलेलेही आहेत, इथलेही आहेत, आणि निव्वळ एकाच ठिकाणचं कोणी सापडत नाही. तू ऐकून घेतलंस. विरोध केला नाहीस, मान्यही केलं नाहीस. बाही वर केलीस आणि म्हणालास, माझं घ्या.

तुझ्यात अर्धा निघाला, वहिनीत अर्धा. आता आपण दोघं सारखे आहोत. मी अशा गोष्टीत तुझ्या बरोबरीला येईन असं वाटलं नव्हतं.

सात डिसेंबरला योगिताला घरी सोडलं. तेव्हा फाटकाशी तू मला हाताने बाजूला बोलावलंस. सात वर्षांत तू माझ्याशी पहिल्यांदा बोलणार होतास. मला वाटलं, घरी ये म्हणशील. तू म्हणालास, "हे बाहेर कळता कामा नये." आणि रिक्षात बसलास.

महिनाभर मी त्या वाक्याचा विचार करते आहे. आधी राग आला. मग मला आजी बाजारात हसली होती ते आठवलं, आणि मायने मला ओढलं होतं तेही. आपल्या घरात बायकांनी ऐंशी वर्षं हेच वाक्य सांभाळलं, कोणी त्यांना फाटकाशी बोलावून सांगितलं नव्हतं तरी. तुझी भीती मला कळते. भगवान पाटलांना कळलं तर चिटणीसपद जाईल, योगिताचं लग्न अडेल, तिच्या भावाचं, योगराजचं अडेल, पुस्तिकेचं काय करायचं ते तुला सुचत नसेल. ती भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. माझं लग्न झालं तेव्हा त्या लोकांनी काय केलं ते मी पाहिलं आहे.

पण दोन गोष्टी तुला सांगायच्याच आहेत.

योगराजची तपासणी अजून झालेली नाही. तो धडधाकट आहे, खेळतो, म्हणून तू टाळतो आहेस. त्याच्यात काही नसेल किंवा अर्धा असेल, बहुधा तेच असेल. पण बहुधा म्हणून सोडता येत नाही. पुढच्या गुरुवारी मायसोबत पाठव. या वेळी पालकाची सही तुझी लागेल, फॉर्म या पाकिटात घातला आहे. मालतीबाईंनी दिलेली गोळी योगिताला रोज चालू ठेव, दिवसभर पाणी पाजा, थंडीत पायमोजे घाला, ताप आला की घरी थांबू नका.

दुसरी गोष्ट. पथकाच्या ताईंना मी पत्र लिहिलं आणि माझ्या फॉर्ममध्ये दुरुस्ती करायला सांगितली. तिथे नाव नाही, नंबरच आहे, तुला त्याची झळ लागणार नाही. मायच्या मायचं गाव: शिरपूरच्या वरच्या डोंगरातला पाडा, नाव माहीत नाही. बोली: भिली. एवढंच लिहिलं. आजीबद्दल खरं लिहिलेला आपल्या घरातला तो पहिला कागद आहे.

बाकी कोणाला मी सांगणार नाही. भगवान पाटलांना नाही, तुझ्या मंडळाला नाही, शेजारणीला नाही. पण योगिता एक दिवस अठराची होईल, तिच्यासाठी मुलगा बघायला लागाल. त्या मुलाचं रक्त तपासावं लागेल आणि का, ते तिला आधी सांगावं लागेल. तिच्या अंगात जे दुखतं ते कोणाकडून आलं, त्या बाईचं नाव काय होतं, ती कशी चालत आली, हे तिला कळलं पाहिजे. ते तू सांगावंस असं मला मनापासून वाटतं. बापाने सांगितलं तर तिला त्याची लाज वाटणार नाही.

तुझ्याकडे सहा वर्षं आहेत. तू सांगितलं नाहीस तर मी सांगेन, मग तू पुन्हा दार बंद केलंस तरी चालेल.

तुझी धाकटी बहीण,
उज्ज्वला